घरचा नको, कालचा नको

पाववाल्याची धाकटी फार चौकस आहे, असं सगळी गल्ली म्हणायची आणि गल्लीचं काही चुकत नव्हतं. गिऱ्हाइकाच्या हातात पाव पडायच्या आत तिचे प्रश्न सुरू व्हायचे. आज पाय का ओढताय? परवाची छत्री कुठे गेली? बाळाचा दुसरा दात आला का? थोरला भाऊ तिला चौकशीबाई म्हणायचा. "दुकानावर पाटीच लावू या," म्हणायचा, "पावाबरोबर चौकशी फुकट." पण खरं बोलायचं तर दोष तिच्या एकटीचा नव्हता. सगळं घरच तसलं होतं, आणि घर तसं होण्याला आजी कारण होती.

पुढे दुकान, मागे भट्टी आणि मधे एक लांबट खोली, असं ते घर. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच टेबल. दिवसभर त्यावर पीठ मळायचं, पावाचे गोळे वळायचे आणि संध्याकाळी आईनं ते ओल्या फडक्यानं पुसून त्यावरच ताटं मांडायची. कितीही पुसलं तरी जेवून उठणाऱ्याच्या कोपरांना पीठ लागलेलं असायचंच. वडील पहाटेच्याही आधीपासून भट्टीपाशी उभे. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत प्रवचन सुरू झालं की त्यांची मान हळूहळू छातीवर यायची. "किती लीन होऊन ऐकतात हे," असं नव्यानं आलेले फादर एकदा कौतुकानं म्हणाले, तेव्हा आजीला रुमालात तोंड लपवून खोकावं लागलं होतं.

जेवणाआधीची प्रार्थना बऱ्याच ख्रिस्ती घरांत असते. या घरात तिला एक शेपूट होतं. क्रुसाची खूण झाली, नेहमीचे शब्द म्हणून झाले, की टेबलाभोवतीच्या प्रत्येकानं एकेका माणसासाठी काहीतरी मागायचं. घरचा माणूस चालत नसे. काल ज्याच्यासाठी मागितलं तोही चालत नसे. आणि "त्याचं भलं कर" एवढ्यावर भागत नसे. कसलं भलं, ते सांगावं लागे.

"देवाकडे मोघम मागू नये," आजी म्हणायची.

"अगं आई, देवाला सगळं ठाऊक असतं," वडील वाटीतल्या वाफाळत्या सुपाकडे बघत म्हणायचे. त्यांच्या पोटात कावळे ओरडत असायचे.

"त्याला असतं. तुला असतं का?"

थोरला भाऊ पळवाटा काढायचा. एकदा त्यानं डोळे घट्ट मिटून मागणं मागितलं, की आमच्या गणिताच्या मास्तरांचा आवाज आठवडाभर बसू दे. आजीनं त्याचं ताट आपल्यापुढे ओढून घेतलं. "हा शाप झाला. मागणं माग." मग त्याला सगळा दिवस आठवत बसावं लागलं. शेवटी मास्तरांच्या कोटाचं एक बटण कित्येक दिवस लोंबतंय आणि शिवून द्यायला घरी कोणी नसावं, असं त्याच्या लक्षात आलं. त्यानं ते मागितलं आणि त्याला ताट मिळालं. दुसऱ्या दिवशी आईनं दुकानात मास्तरांना थांबवून ते बटण शिवून दिलं. तेव्हा अर्थातच भावानं आरडाओरडा केला, की मी देवाकडे मागितलं होतं, तुझ्याकडे नाही!

या नियमाचं मूळ आजीच्या तरुणपणी होतं. तेव्हा भट्टीला पिठाची पोती आणून देणारा एक माणूस होता. वर्षानुवर्षं यायचा, पोती उतरवायचा, पाणी प्यायचा, जायचा. मग एक दिवस दुसराच माणूस आला. "तो आधीचा?" म्हणून आजोबांनी विचारलं, "आजारी आहे," म्हणून उत्तर मिळालं आणि विषय संपला. काही आठवड्यांनी एक बाई दुकानात आली. पीठवाल्याची बायको. नवरा गेला, त्याची एक टोपी इथे राहिली आहे का, असं विचारत आली होती. टोपी खुंटीवरच होती. ती घेऊन बाई म्हणाली, "तुमच्या बाळाला ताप आला होता ना, त्या वेळी यांनी घरी गुडघे टेकून तुमच्यासाठी मागितलं होतं. बाळ आता बरं आहे?" ते बाळ म्हणजे आत्ताचे वडील. आजीला तर त्या माणसाला बायको आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. पोती उतरवताना तो मधेच छाती धरून उभा राहायचा, हे तिनं कितीदा पाहिलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळपासून टेबलावर नियम लागू झाला.

तर अशा घरातून धाकटी शिकायला दूर गेली. डोळे तपासायचं आणि चष्म्याचे नंबर काढायचं शिक्षण होतं ते. फादरांनी आशीर्वाद दिला, आईनं उबदार मोजे दिले, वडिलांनी एवढे पाव दिले की रेल्वेच्या डब्यातल्या अनोळखी प्रवाशांचंही जेवण झालं. आजीनं काही दिलं नाही. गाडीच्या खिडकीतून हात आत घालून तिनं नातीचा कान धरला. "तिथे कोणी ऐकायला नाही म्हणून मोघम मागू नकोस."

चर्चला जाणं काही अवघड गेलं नाही. पुलापलीकडे एक लहानसं चर्च होतं. रविवारी सकाळी ती तिथे जायची, तेच शब्द, तेच गुडघे टेकणं. शेजारची म्हातारी तिच्याकडे बघून हसायची. अवघड गेली ती मेस. लांबलचक दालन, बाकं, वाफाळलेल्या बटाट्यांचा वास, ताटांचा खडखडाट आणि दालनभर मुली. पहिल्याच जेवणाला सवयीनं तिचा हात कपाळाकडे गेला. समोरच्या मुलीनं नुसतं वर पाहिलं. वाईट काही नव्हतं त्या पाहण्यात, पण धाकटीचा हात कपाळावरून सरळ केसांत गेला आणि तिनं नसलेली बट कानामागे सारली.

दुसऱ्या दिवशी तिला युक्ती सुचली. कॉलेजात नाडीचे काळे बूट सक्तीचे होते. ताट समोर आलं की ती वाकायची, टेबलाखाली डोकं घालून बुटाची नाडी सोडायची, पुन्हा बांधायची आणि तेवढ्यात प्रार्थना उरकायची, शेपटासकट. कुणाला पत्ता लागला नाही. फक्त तिच्या खोलीतली मुलगी एकदा म्हणाली, "तुझ्या नाड्यांना काही रोग आहे का गं?"

ही खोलीतली मुलगी म्हणजे वकीलीण. ती वकील नव्हती, तीही डोळेच शिकत होती, पण कोणत्याही वाक्यावर "कशावरून?" म्हणायची तिला सवय होती, म्हणून सगळ्या तिला तसं म्हणायच्या. देव नाही, असं ती नळाला पाणी नाही म्हणावं इतक्या साधेपणानं म्हणायची. दोघींचं छान जमलं. वकीलीण प्रश्न विचारायची कारण तिला उत्तर खोडायचं असे. धाकटी विचारायची कारण तिला संध्याकाळपर्यंत एक माणूस हवा असे.

माणूस मिळवायचा म्हणजे बघावं लागे, आणि बघून भागत नसे, विचारावं लागे. फाटकावरच्या रखवालदाराला तिनं विचारलं, की तुम्ही खुर्ची रोज उन्हात का ओढता? गुडघे धरतात, तो म्हणाला. मेसच्या स्वयंपाकीणबाईंना विचारलं, की आज मीठ दोनदा का पडलं? मुलाची काहीच खबर नाही, त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून कांदा चिरायला लागल्या. वरच्या मजल्यावरच्या एका मुलीला तिनं विचारलं, की तुझ्या हातावर हे ओरखडे कसले? ती मुलगी चपापली. "गुलाबाचे," म्हणाली आणि बाह्या खाली ओढल्या. वसतिगृहाच्या आवारात गुलाब नव्हते, पण धाकटीनं ताणलं नाही. ओरखडे पिकू नयेत, एवढंच तिनं त्या दुपारी नाडी बांधताना मागून टाकलं.

आठवडाभरात वॉर्डनबाई तडक वरच्या मजल्यावर गेल्या आणि त्या मुलीच्या कपाटातून एक करडं मांजर घेऊन खाली आल्या. प्राणी पाळायला सक्त मनाई होती. मांजर गेलं, मुलीला सगळ्यांदेखत बोलणी बसली आणि वरच्या मजल्यावर एकच प्रश्न उरला: सांगितलं कोणी?

त्याचं उत्तर शोधायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. ओरखड्यांबद्दल कुणी विचारलं होतं? रखवालदाराशी रोज कोण बोलत उभी असते? स्वयंपाकघरात कोण घुसते? कोण कुठे गेलं, कोण का रडलं, कुणाच्या घरून काय आलं, याची चौकशी कोण करते?

"वॉर्डनचे कान आले गं," जिन्यात कुणीतरी म्हणालं.

"कान नाही, चांगला भोंगा आहे."

मेसमध्ये ती बसली की बाकावरच्या मुली सरकायच्या. मांजरवालीनं तर एकदा तिच्या तोंडावर विचारलं, "आज काय सांगणार आहेस बाईंना? मी किती बटाटे घेतले ते?"

धाकटीचं खरं उत्तर अगदी सोपं होतं. मी देवाकडे मागण्यासाठी विचारते, एवढंच म्हणायचं होतं. पण ते वाक्य जिभेवर येऊन थांबलं. या दालनात, या खडखडाटात, ते किती भाबडं वाटेल! वॉर्डनची हेर म्हटलं तर मुली निदान घाबरतील तरी. हे ऐकून त्या हसतील. ती ताट घेऊन दुसऱ्या टोकाला गेली.

खोलीत वकिलीणीनं दार लावून घेतलं. "मला खरं सांग. तू सांगितलंस?"

"नाही."

"मग लोकांना इतकं कशाला विचारतेस?"

"सवय आहे."

"कसली सवय? सवयीला कारण असतं."

"काही कारण नाही," धाकटी म्हणाली.

येशूला आपण ओळखतच नाही, असं त्याचा शिष्य पेत्र शेकोटीपाशी म्हणाला होता आणि कोंबडा आरवला होता, हे तिला पाठ फिरवल्याबरोबर आठवलं. कोंबडा मात्र आरवला नाही. वसतिगृहात कोंबड्यालाही मनाई असणार.

तिनं विचारणं सोडलं. विचारणं सोडलं तसं मागायला काही उरलं नाही; मोघम मागायचं नाही हे हाडीमासी खिळलेलं, आणि नेमकं काही ठाऊक नाही. दोन-चार दिवस ती नुसते नेहमीचे शब्द नाडीपाशी पुटपुटली. मग एका दुपारी उशीर झाला होता, भूक लागली होती, ती बसली आणि इतर सगळ्यांसारखी सरळ जेवली. दुसऱ्या दिवशीही. सुपाची चव तशीच होती. बटाटे तसेच होते. रात्री झोप लागायची आणि अभ्यास उलट बरा चालला होता. रविवारी ती पुलापलीकडे जायची, पण तेही बाकी मुली कपडे धुवायच्या तसं, ठरल्या वेळचं काम म्हणून. तिला सगळ्यात नवल याचंच वाटलं. एवढी मोठी गोष्ट घरातून उचलून बाहेर ठेवावी आणि घर जराही हलू नये? मग ती गोष्ट मुळात आत होती तरी का?

या प्रश्नानं मात्र ती घाबरली. एका रविवारी दुपारी तिनं दुकानात फोन लावला. आजीनंच उचलला.

"आजी, मी जेवणाआधीचं मागणं सोडलंय."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"मग?"

"मग काही नाही. काहीच झालं नाही. तेच तर सांगतेय."

"काय व्हायला हवं होतं? छत कोसळायला?"

"चेष्टा करू नकोस गं."

"चेष्टा नाही, विचारतेय. तुला काय वाटलं होतं, काय होईल?"

धाकटीनं फोनची वायर बोटाला गुंडाळली. "वाटलं होतं, चुकल्याचुकल्यासारखं तरी वाटेल. तेही वाटलं नाही."

"त्या पीठवाल्याच्या वेळी मलाही वाटलं नव्हतं," आजी म्हणाली. "तो यायचा बंद झाला, दुसरा यायला लागला, पाव तसेच फुगत होते. त्याची बायको दारात उभी राहिली तेव्हा वाटलं." मग एकदम आवाज चढवून, "हो हो, देते, लांब की गोल? अगं, गिऱ्हाईक आलंय. ठेवते. नीट जेव."

काय करायचं ते आजीनं सांगितलं नव्हतं. धाकटी चिडून खोलीत आली.

त्याच आठवड्यात कॉलेजात एकमेकींचे डोळे तपासायचा सराव होता. डोळ्यांवर चाचणीची जड चौकट चढवायची, तीत एकेक भिंग घालायचं आणि समोरच्या भिंतीवरची अक्षरं दाखवत विचारायचं, "पहिलं बरं, की दुसरं?" आणि मग पुन्हा, "हे बरं, की हे?" त्या दिवशी धाकटी पेशंट होती आणि वकीलीण तपासनीस.

"पहिलं बरं, की दुसरं?"

"दोन्ही सारखंच."

"आता? हे, की हे?"

"सारखंच."

"अगं, नीट बघ तरी. हे, की हे?"

"सारखंच म्हणते ना!" धाकटी एवढ्या जोरात म्हणाली, की शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या हातून भिंग सुटलं.

त्यांचे सर जवळ आले. भिंगावर फुंकर मारून ते टायला पुसायची त्यांना खोड होती. त्यांच्या टायची टोकं कायम चुरगळलेली असत. त्यांनी धाकटीच्या डोळ्यांवरची चौकट काढून घेतली. "दोन्ही सारखं म्हणणारे पेशंट दोन तऱ्हेचे असतात," ते वकिलीणीला म्हणाले. "एकाला खरोखरच फरक नसतो. दुसऱ्याचा डोळा दमलेला असतो. जवळ ताणून ताणून बघत राहिलेला. दमलेला डोळा काहीही कबूल करतो. त्याला खिडकीबाहेर बघू द्यायचं, लांब, आणि मग पुन्हा विचारायचं."

"पण पेशंट कुठल्या तऱ्हेचा ते कसं कळणार, सर?"

"पुन्हा विचारल्यावर."

धाकटी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. समोर कॉलेजचं फाटक होतं. रखवालदाराची खुर्ची सावलीतच होती. ऊन दोन पावलांवर होतं, पण त्यानं ती ओढली नव्हती. गुडघे बरे झाले म्हणून, की ओढवतच नव्हती म्हणून? तिला ठाऊक नव्हतं. एवढ्या दिवसांत तिनं त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. पलीकडे वसतिगृहाच्या आवारात दोरीवर कपडे वाळत घालणारी मांजरवाली दिसली. एकेक कपडा टाकताना ती मनगटानं डोळे पुसत होती. डोळे असे सुजले होते, की इतक्या लांबूनही कळावं. आणि तेव्हा, आजी म्हणाली होती तसं, धाकटीला वाटलं. चुकल्याचुकल्यासारखं नव्हे अगदी; कुणीतरी टोपी मागायला दारात येऊन उभं आहे आणि आपण खुंटीकडे पाहिलंच नाही, असं काहीतरी.

पुन्हा विचारून बघू, तिनं ठरवलं.

दुपारी कॉलेज नव्हतं. ती खोलीत जाऊन बूट काढून आली आणि मेसमध्ये बसली. ताट समोर आलं. ती खाली वाकली, हात पायाशी नेले आणि डोळे मिटले. मांजरवालीच्या डोळ्यांना थंडावा मिळू दे. तिला रात्री पायाशी कुणीतरी उबदार लागायची सवय झाली असेल, ती जागा फार रिकामी वाटू देऊ नकोस. एवढ्या दिवसांनी शब्द येतील की नाही अशी तिला धास्ती होती, पण ते आले.

"नाडी कुठे आहे?" कुणीतरी कानाशी म्हणालं.

धाकटीनं डोळे उघडले. टेबलाखाली वकिलीणीचं डोकं होतं, उलटं, केस लोंबत असलेलं. ती धाकटीच्या पायांकडे बघत होती. धाकटीच्या पायांत घरातल्या सपाता होत्या.

"बूट असते तर एक वेळ मानलं असतं," वकीलीण म्हणाली. "सपातांना काय बांधतेस?"

आता इथे खोटं बोलायला जागाच नव्हती. टेबलाखाली, लाकडाच्या आणि सांडलेल्या सुपाच्या वासात, धाकटीनं सगळं सांगून टाकलं. आजी, पीठवाला, टोपी, घरचा नको, कालचा नको, मोघम नको. आणि म्हणून चौकशी.

वकीलीण ऐकत राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण तो उलटं लोंबल्यामुळे. "म्हणजे रखवालदार?"

"गुडघे."

"स्वयंपाकीणबाई?"

"मुलाची खबर."

"आत्ता कोण?"

"मांजरवाली. रडतेय ती."

"ती तर तुझ्याशी बोलतही नाही!"

"म्हणून तर इतके दिवस जमलं नाही."

वकिलीणीनं तोंडावर आलेले केस मागे सारले. "मग हे वर तोंड करून सांगायला काय झालं होतं? हेर म्हणून घेतलंस ते चाललं?"

"तुम्ही हसला असता."

"हसलोच असतो," वकीलीण प्रामाणिकपणे म्हणाली. "आणि माझ्यासाठी? माझ्यासाठी काय काय मागितलंस?"

धाकटी आपल्या सपातांकडे बघू लागली.

"काहीच नाही?" वकिलीणीचा आवाज बदलला. "रखवालदार, स्वयंपाकीण, तुला तोंडावर बोलणारी ती मांजरवाली. आणि मी एवढे दिवस एका खोलीत झोपते ती नाही? मी देव मानत नाही म्हणून?"

"नाही गं! तुझ्यासाठी मागता येत नाही."

"का?"

"घरचे चालत नाहीत."

वकिलीणीनं एकदम डोकं उचललं आणि ते टेबलावर खालून इतक्या जोरात आपटलं की वरची ताटं उडाली.

सगळ्या बाकानं खाली वाकून पाहिलं. दोघी वर आल्या तेव्हा सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या, मांजरवालीसुद्धा. वकीलीण डोकं चोळत होती आणि डोळ्यांत पाणी होतं. ते आपटल्याचंच, असं ती आजही सांगते. तिनं धाकटीला कोपरानं ढोसलं. "जा. तिला सांग. मी सांगणार नाही, वकीलपत्र घेतलेलं नाही तुझं."

धाकटी उठली. सपाता फटफट वाजवत मांजरवालीच्या टेबलापाशी गेली. या खेपेला वाक्य जिभेवर थांबलं नाही.

"तुझ्या मांजराचं मी सांगितलं नाही. ओरखडे विचारले ते प्रार्थनेसाठी. मी ख्रिस्ती आहे, आमच्या घरी जेवणाआधी एका माणसासाठी मागायचं असतं. तुझे ओरखडे पिकू नयेत, एवढंच मी देवाला सांगितलं होतं. बाकी कुणाला नाही."

दालनातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"मग देवानंच वॉर्डनबाईंना सांगितलं वाटतं!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

आणि सगळ्या हसल्या. ज्या हसण्याला ती इतके दिवस भीत होती, तेच हसू. ते आलं आणि वाफेसारखं वर छताकडे निघून गेलं. तीही हसत होती. मांजरवालीनं हसता हसता बाही वर केली, हात निरखून पाहिला आणि म्हणाली, "पिकले तर नाहीत." मग जरा सरकून बाकावर जागा केली.

धाकटीनं आपलं ताट उचलून तिथे आणलं. बसली. हात कपाळाकडे गेला आणि या वेळी केसांत न जाता छातीशी, या खांद्याकडून त्या खांद्याकडे, शांतपणे फिरला. समोरच्या मुलीनं वर पाहिलं. पाहू दे.

त्यानंतर काय झालं म्हणाल, तर मुली लगेच भाविक वगैरे झाल्या नाहीत. काहींनी टोमणे मारले, एकीनं सबंध सत्रभर तिला "सिस्टर" म्हणून हाक मारली. पण जाता येता कुणीतरी थांबवायचंही. "ए, आज तुझा माणूस ठरला का? नसेल तर माझी मावशी घे. तिचा दात काढायचाय आणि ती दातांच्या डॉक्टरांना भयंकर घाबरते." धाकटी विचारायची, कुठला दात? वरचा की खालचा? मावशी एकटी जाणार की सोबत कोणी आहे? मुलीला ते ठाऊक नसायचं, मग ती मावशीला फोन करायची.

सुट्टीत वकीलीण तिच्याबरोबर घरी आली. ते टेबल बघायचंच आहे, म्हणाली. पहिल्याच संध्याकाळी कोपरांना पीठ लावून घेतलं, थोरल्या भावाशी, म्हणजे दादाशी, तीन विषयांवर भांडली आणि मग सूप वाढलं गेलं. क्रुसाची खूण झाली. वडिलांनी मागितलं, आईनं मागितलं, दादानं सायकलवाल्याच्या पाठीसाठी मागितलं. पाळी वकिलीणीवर आली.

"मी देव मानत नाही, आजी," ती म्हणाली. "आधीच सांगते."

"बरं. मग तू नुसता माणूस सांग. मागायचं आम्ही बघतो."

दादा म्हणाला, "पाहुण्यांना सवलत नसते हं. पण तू काही घरची नाहीस, म्हणजे तुझ्यासाठी मागता येईल. आम्हीच मागतो हवं तर."

"चालणार नाही," वकीलीण फटकन म्हणाली. "मी घरची आहे. विचारा हिला, कबूल केलंय हिनं. टेबलाखाली केलंय, पण केलंय." मग ती आजीकडे वळली. "माझा माणूस वॉर्डनबाई. ते मांजर त्यांनी कुणाला देऊन टाकलं नाही. त्यांच्या खोलीतच आहे. परवा मी त्यांना विचारलं, की बाई, तुमच्या कोटाला हे करडे केस कसले? त्या म्हणाल्या, लोकरीचे. आणि बाह्या खाली ओढल्या."

धाकटीनं चमचा खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"कशावरून लोकरीचे नव्हेत?" दादानं विचारलं.

"लोकर ओरखडत नाही," वकीलीण म्हणाली. "बाईंना आता मांजरवालीला तोंड दाखवायची लाज वाटतेय, आणि मांजर सोडवतही नाहीये. तेवढं मागा. दोघींनी मिळून ठेवावं, असं काहीतरी."

आजीनं हात जोडले, एक डोळा उघडून नातीकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. "मोघम नाही," ती म्हणाली. "चालेल. वाढ गं हिला."